‘तिलावा’वर निकामी झालेला हात : पुण्यातल्या एका कुटुंबाच्या भरपाई दाव्याचा अभ्यास

या प्रकरणातलं जहाज, तारखा, तह, कायदे आणि निकाल खरे आहेत. कुटुंब मात्र अभ्यासासाठी उभं केलं आहे आणि त्यांच्या कमाईचे आकडे हिशोब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत.

रविवार पेठेतलं एक कुटुंब. आजोबा मोंबासात सुतारकाम करायचे. १९४२ मध्ये ते गावी आले आणि परतताना अविवाहित धाकट्या भावाला कामाला लावायचं म्हणून सोबत घेऊन निघाले. दोघांची तिकिटं डेकची. जहाज एस. एस. तिलावा, २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून सुटलेलं. २३ तारखेच्या पहाटे टॉर्पेडो लागला. आजोबांचा उजवा हात कोपरापासून कायमचा अधू झाला, भाऊ परत आलाच नाही. आजोबा पुन्हा आफ्रिकेला गेले नाहीत. पुण्यात एका वखारीवर राखणदारी करून त्यांनी संसार रेटला. आता नातवंडांच्या हाती एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तिकिटाचा अर्धा तुकडा, मुंबईच्या दवाखान्याचा एक कागद आणि मोंबासाहून आलेली दोन पत्रं आहेत. तिलावाच्या चांदीवरून लंडनमध्ये खटला झाल्याचं त्यांनी वाचलं आहे. त्यांचा प्रश्न सरळ आहे : समुद्राच्या तळाशी गेलेल्या चांदीचा मालक इतक्या वर्षांनी ठरतो, मग माणसाच्या हाताची भरपाई का मिळू नये?

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट तपशिलात द्यायला हवं.

आधी घटना. तिलावा हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं जहाज, १९२४ साली बांधलेलं, सुमारे १० हजार टनांचं. मुंबईहून मोंबासा, मापुटो (तेव्हाचं लॉरेन्सो मार्किस) आणि दरबान हा मार्ग. या फेरीत जहाजावर ९५८ माणसं होती : ७३२ प्रवासी, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची. सेशेल्सच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, जपानी पाणबुडी आय-२९ ने आधी एक आणि काही वेळाने दुसरा टॉर्पेडो मारला. २८० माणसं गेली. वाचलेल्या ६७८ जणांपैकी बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून सोडलं. हीच आय-२९ पुढे एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजींना घ्यायला गेली होती. आपल्याकडे ती त्या प्रसंगामुळे ओळखली जाते, तिलावामुळे फार थोड्यांना.

दाव्याच्या अभ्यासात पहिला प्रश्न कुणाकडून पैसे मिळतील हा नसतो. जखमी माणूस जहाजावर कोण होता, हा असतो. प्रवासी की खलाशी? कोकणातल्या कुटुंबांत हा गोंधळ वारंवार दिसतो, कारण ‘बोटीवर होते’ हे दोघांबद्दलही म्हणतात. खलाशी, तांडेल, सारंग किंवा आगवाला म्हणून माणूस कामावर असेल तर मालक-नोकर नात्यातली देणी लागू होतात, नोंदी वेगळ्या ठिकाणी सापडतात आणि मृतांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या युद्धस्मारकाच्या यादीत शोधायची असतात. इथे तिकिटाचा तुकडा आहे, म्हणून आजोबा आणि त्यांचा भाऊ दोघेही प्रवासी, म्हणजे निखळ नागरिक. पुढचं सगळं याच गृहीतावर.

जहाज कंपनीकडे मागणं हे पहिलं दार. प्रवाशाच्या बाबतीत कंपनी हयगयीपुरती जबाबदार असते. शत्रूच्या पाणबुडीने केलेला हल्ला ही कंपनीची हयगय ठरवायला भक्कम पुरावा लागला असता : दिवे लावून जहाज नेलं, पुरेशा होड्या नव्हत्या, असं काही. पण तिथवर पोचायचीच सोय उरलेली नाही. १९०८ च्या मुदत कायद्याखाली अंगावरच्या इजेच्या भरपाईचा दावा १ वर्षात लावायचा होता आणि १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालचा मृत्यूचा दावाही १ वर्षातच. दोन्ही मुदती नोव्हेंबर १९४३ मध्ये संपल्या. कंपनी पुढे पी अँड ओ समूहात पूर्ण विरून गेली, पण अडसर तो नाही. अडसर मुदतीचा आहे.

त्या काळच्या हिंदुस्थान सरकारच्या योजनेचं दार अनेकांच्या लक्षात येतच नाही. १९४१ साली युद्धातील इजांबाबत अध्यादेश निघाला, त्यानंतर कामगारांच्या भरपाई-विम्याचा १९४३ चा कायदा आला. बाँब, टॉर्पेडो, स्फोट यांनी झालेली इजा ‘युद्धइजा’ या व्याख्येत बसते. पण अध्यादेश ब्रिटिश इंडियाच्या हद्दीपुरता होता. भर समुद्रात ब्रिटिश नोंदणीच्या जहाजावर झालेल्या इजेला तो लावायचा तर कार्यक्षेत्राचाच वाद आधी उभा राहतो. १९४३ चा कायदा तर कामगारांसाठी, त्यात तिकीट काढून निघालेला सुतार बसत नाही. पेटीत तेव्हा केलेल्या अर्जाची पोच किंवा मंजुरीचं पत्र निघालं, तर ते मोलाचं आहे, कारण त्यावर इजेचं वर्णन आणि टक्केवारी असू शकते. अर्ज नव्याने करण्याजोगी मात्र ही योजना राहिलेली नाही.

आता मुख्य दार, जपानचं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पुण्यातल्या शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात जपान सरकारवर दावा लावता येईल का? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ सांगतं की परदेशी राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. संमती कुणी मागितली तर सरकारपुढे पहिला कागद येतो ९ जून १९५२ चा भारत-जपान शांतता तह. मित्रराष्ट्रांनी जपानशी शांतता तह केला त्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. जपानला मानाची आणि बरोबरीची जागा मिळायला हवी, ही नेहरू सरकारची भूमिका होती, आणि भारताने स्वतंत्र तह केला. त्या तहाच्या सहाव्या कलमाने भारताने जपानवरचे युद्धभरपाईचे सगळे हक्क सोडले. एवढंच असतं तर ‘ते सरकारचे हक्क, आमचे नव्हेत’ असा युक्तिवाद करता आला असता. पण त्याच कलमात पुढे भारतीय नागरिकांचे, युद्ध चालवताना जपानने व त्याच्या नागरिकांनी केलेल्या कृत्यांतून निघणारे दावेही सोडल्याचं लिहिलं आहे. तिलावा बुडवणं त्यात सरळ येतं.

त्याहून महत्त्वाचं कलम चौथं, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. भारतात असलेली जपानची आणि जपानी नागरिकांची मालमत्ता परत करायचं भारताने मान्य केलं. सॅन फ्रान्सिस्को तहावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांना मात्र आपल्या हद्दीतली जपानी मालमत्ता जप्त करून वापरायची मुभा होती. म्हणजे नागरिकांना वाटायला जी गंगाजळी उभी राहू शकली असती, तीही भारताने ठेवली नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने आशियातल्या देशाशी वैर न ठेवण्याचं धोरण घेतलं, ते समजण्यासारखं आहे. पण तिलावावरच्या माणसांचं नुकसान किती, याचा हिशोब करून मग हक्क सोडला असता तर किमान देशांतर्गत मदतीचा पाया तरी राहिला असता. तो हिशोब न होताच सही झाली, आणि या प्रकरणातला खरा अन्याय तिथे आहे.

‘आमचे काका केनियात राहिले, ब्रिटिश पासपोर्टवर होते, त्यांच्यामार्फत करू’ असाही विचार निघतो. त्याने फरक पडत नाही. ब्रिटनने सॅन फ्रान्सिस्को तहाच्या कलम १४ (ख) खाली आपले व आपल्या नागरिकांचे दावे सोडले, पाकिस्ताननेही त्याच तहावर सही केली. कुठल्याही पासपोर्टने गेलं तरी भिंत तीच. ब्रिटनने नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर केलेली १० हजार पौंडांची रक्कमही इथे लागू नाही. ती जपान्यांच्या कैदेत काढलेल्या दिवसांसाठी होती, बुडालेल्या जहाजावरच्या प्रवाशांसाठी नव्हती.

थेट जपानच्या न्यायालयात जायचं म्हटलं तर २७ एप्रिल २००७ चा जपानी सर्वोच्च न्यायालयाचा निशिमात्सु कंपनीबाबतचा निकाल आडवा येतो. तो चिनी सक्तमजुरांचा खटला होता. न्यायालयाने म्हटलं की युद्धोत्तर तहांच्या चौकटीत व्यक्तींचे दावे न्यायालयात मागण्याजोगे उरलेले नाहीत. मजुरांची हकिगत न्यायालयाने नाकारली नव्हती, तरीही दावा गेला.

‘आमच्या सरकारने हक्क सोडला, मग आमच्याच सरकारने द्यावं’ हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या बळकट आहे, आणि तो नवा नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या पीडितांनी जपान सरकारविरुद्ध अगदी हाच मांडला होता. टोकियो जिल्हा न्यायालयाने ७ डिसेंबर १९६३ ला अणुबाँबहल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचं म्हटलं, पण व्यक्तीला भरपाईचा हक्क नाही म्हणून दावा फेटाळला. तिथल्या पीडितांसाठी पुढे मदतीचे कायदे संसदेने केले. आपल्याकडे तिलावाच्या प्रवाशांसाठी तसा कायदा नाही.

हल्लाच बेकायदेशीर होता हे सिद्ध केलं तर? १९३० चा लंडन नौदल करार आणि १९३६ चा त्याचा पूरक करारनामा सांगतो की पाणबुडीने व्यापारी जहाज बुडवण्याआधी प्रवासी, खलाशी आणि जहाजाची कागदपत्रं सुरक्षित जागी पोचवली पाहिजेत. जपान त्याने बांधलेला होता. पण तिलावावर तोफ आणि तोफची होते, आणि न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाने जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याच्या निकालात सशस्त्र ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांबद्दल त्याला दोषी धरलं नाही. वाद जिंकला तरी तहातल्या सोडचिठ्ठीवर त्याचा परिणाम होत नाही. हक्क सोडताना भारताने कायदेशीर हल्ला आणि बेकायदेशीर हल्ला असा भेद ठेवलेला नाही.

मग अशा जखमांना कधी भरपाई मिळालीच नाही का? मिळाली आहे, आणि कशी मिळाली ते पाहिलं की इथे काय कमी पडलं ते उमगतं. ७ मे १९१५ ला यू-२० या जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं, ११९८ माणसं गेली. अमेरिका आणि जर्मनी यांच्यातल्या १९२१ च्या बर्लिन तहाने अमेरिकी नागरिकांचे दावे जिवंत ठेवले आणि अमेरिकेने जप्त केलेली जर्मन मालमत्ता तारण म्हणून हातात राहिली. १९२२ मध्ये संमिश्र दावे आयोग बसला. पंच एडविन पार्कर यांनी १ नोव्हेंबर १९२३ च्या मतात गणिताची रीत घालून दिली, आणि ती आजही वापरण्यासारखी आहे. मृताने कुटुंबाला जे पैसे दिले असते ते, त्याच्या घरच्या कष्टांचं मोल, आणि जवळच्यांना झालेल्या मानसिक धक्क्याची वाजवी भरपाई. भविष्यातल्या रकमा आजच्या रोख किमतीत आणायच्या. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून वजावट करायची नाही. शिक्षा म्हणून जादा दंड मात्र नाकारला. दावेदार इजेच्या दिवसापासून अमेरिकी नागरिक असला पाहिजे, ही अटही कडक होती.

याच रीतीने आपल्या प्रकरणाचा हिशोब करून पाहू. आजोबांचं वय ३१, महिन्याची कमाई ७५ रुपये, इजेनंतर ३० रुपये. म्हणजे दरमहा ४५, वर्षाला ५४० रुपयांची तूट. कामाचं वय ५५ पर्यंत धरलं तर २४ वर्षं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ५४० ला २४ ने गुणून १२,९६० मागणं. ते पैसे २४ वर्षांत हळूहळू मिळणार होते, रक्कम मात्र आज एकदम मागितली जाते, म्हणून व्याज वजा करावं लागतं. द.सा.द.शे. ५ दराने २४ वर्षांचा गुणक साधारण १३.८० येतो. ५४० गुणिले १३.८० म्हणजे ७,४५२ रुपये. त्यात दवाखाना आणि औषधाचे ३५०, बुडालेल्या हत्यारांचे ४०० : रंधे, पटाशा, करवत, गिरमिट. बेरीज ८,२०२. वेदनांची आणि कायमच्या अधूपणाची रक्कम यावर वेगळी. भावाच्या मृत्यूसाठी : तो आईला दरमहा २० रुपये पाठवणार होता असं धरलं तर वर्षाला २४०. आईचं आयुष्य आणखी १५ वर्षं धरून गुणक १०.३८, म्हणजे सुमारे २,४९१ रुपये. इथे भावाची सगळी कमाई धरायची नसते, घरी येणारा हिस्साच धरायचा.

हत्यारांची ओळ किरकोळ वाटते, पण लिहायला हवी. हत्यारं गेल्यावर कारागीर उभा राहायला किती दिवस लागले असते, ते तीच सांगते. पुढची चूक म्हणजे १९४२ च्या रकमेला सोन्याच्या आजच्या भावाने गुणून काही कोटी काढणं. दावा ऐकणारा कुणीही ती पद्धत मानत नाही, आणि एका फुगलेल्या आकड्याने खरे आकडेही संशयात येतात.

हिशोब बरोबर आहे, पण तो मांडायला मंच नाही. दुसरं उदाहरण आपल्या माहितीतलं : १९९०-९१ मध्ये कुवेतहून परतलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून पैसे मिळाले. गंभीर इजा किंवा मृत्यूच्या गटात ठरीव २,५०० डॉलर, कुटुंबाला कमाल १० हजार. तिथे सुरक्षा समितीचा ठराव होता, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून निधी येत होता, आणि दावे सरकारांनी गोळा करून भरले. नागरिक स्वतः रांगेत उभे नव्हते. लुसिटानिया असो की कुवेत, तीन गोष्टी एकत्र आल्या : तह किंवा ठराव, हाताशी पैसा, आणि दावा पुढे नेणारं सरकार. तिलावाच्या वेळी यातली एकही नव्हती.

चांदीबद्दल. जहाजावर २,३६४ चांदीच्या लगडी होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने घेतलेल्या. २०१७ मध्ये अर्जेंटम या कंपनीने त्या अडीच किलोमीटर खोलीवरून काढल्या आणि ब्रिटनमध्ये नेल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२४ ला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने, सार्वभौम राज्याला असलेल्या संरक्षणाच्या मुद्द्यावर निकाल दिला. वाद होता तो चांदी बाहेर काढणाऱ्या कंपनीच्या मोबदल्याचा. मालमत्तेचा मालक बदलत नाही, म्हणून ७५ वर्षांनीही तो सापडतो. इजेचा दावा मुदतीने आणि तहाने मरतो. त्या चांदीत प्रवाशांचा वाटा मागता येत नाही. कुणी तसं आश्वासन देऊन आगाऊ फी मागत असेल, तर देऊ नये.

तरीही या कुटुंबाने कागद गोळा करावेत, आणि त्याचं कारण भावनिक नाही. गावच्या सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं नाव अजून आहे. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला मागितला जातो आणि तो नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १११ (जुन्या कायद्यात १०८) सांगतं की ७ वर्षं ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. पण या गृहीतकाने माणूस मृत ठरतो, मृत्यूची तारीख ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निकालात हे स्पष्ट केलं आहे. इथे तारखेवरच सगळं आहे. मृत्यू २३ नोव्हेंबर १९४२ चा धरला तर हिंदू उत्तराधिकार कायदा (१७ जून १९५६) लागू होण्याआधीचा, आणि एकत्र कुटुंबाच्या जमिनीतला अविवाहित भावाचा हिस्सा जुन्या नियमाने हयात सहदायादांकडे, म्हणजे जन्माने हिस्सा असलेल्या कुटुंबातल्या पुरुषांकडे जातो. तारीख १९५६ नंतरची मानली गेली तर वारसांची यादी बदलते आणि चुलत घराण्यांत वाद पेटतात.

तारीख सिद्ध करायला ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, क्यू इथे, बीटी ३३४ ही मालिका पाहावी. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांवर समुद्रात मेलेल्या प्रवाशांच्या आणि खलाशांच्या १८९१ ते १९७२ च्या नोंदवह्या त्यात आहेत. जहाजाचं नाव आणि महिना देऊन शोधावं. नावाची स्पेलिंग पाच-सहा प्रकारे करून बघावी, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी आणि धंदा आडनाव म्हणून धरूनही. नौदलाच्या एडीएम १९९ मालिकेत युद्धकाळातले जहाजहानीचे अहवाल आहेत. आपल्याकडे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येतं. पुण्यातल्या पुरालेखागारात खेटे घालून उपयोग नाही, तिथलं मुख्य धन पेशवे दफ्तर आहे. मुंबई सरकारचे युद्धकाळातले कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुरालेखागारात शोधावेत. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज केंद्राकडे करताना ‘भरपाई द्या’ असं लिहू नये, तो त्या कायद्याचा विषय नाही. ‘तिलावाच्या वाचलेल्या व मृत प्रवाशांच्या याद्या आपल्या ताब्यात असल्यास प्रत द्यावी’ एवढंच मागावं आणि कलम ८(३) चा, म्हणजे २० वर्षांहून जुन्या माहितीचा उल्लेख करावा.

पेटीतल्या कागदांना लॅमिनेशन करू नये. उष्णतेने शाई उडते आणि मूळ कागद तपासण्याजोगा राहत नाही. ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, कोरी बाजूसुद्धा, कारण शिक्के बहुधा मागे असतात. मग जमीन ज्या तालुक्यात आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात मृत्यूच्या तारखेसह घोषणेचा दावा लावावा. पुराव्यात तिकिटाचा तुकडा, क्यूहून आलेली प्रमाणित नोंद, दवाखान्याचा कागद आणि २० ते २७ नोव्हेंबर १९४२ चा घटनाक्रम जोडावा. हुकूमनामा हातात आल्यावर फेरफारासाठी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे त्याची प्रमाणित प्रत द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.